रंग पकडला, जंतू मोकळाच

गोबी मंच्युरियन हा पदार्थ गोव्याच्या सार्वजनिक जीवनात एवढा वादाचा विषय होईल, असे काही वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते तर त्याला आम्ही हसलो असतो. पण तसे झाले खरे. २०२२ साली वास्कोच्या श्री दामोदर सप्ताहाच्या फेरीत या पदार्थाच्या गाड्यांवर निर्बंध घालावेत, असे अन्न व औषध प्रशासनाने मुरगाव नगरपालिकेस कळविले. पुढे जानेवारी २०२४ मध्ये, श्री बोडगेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत, म्हापसा नगरपालिकेने शहरात त्याच्या विक्रीसच मनाई केली. कृत्रिम रंगांचा भडिमार, हलक्या प्रतीचे सॉस आणि गाड्यांभोवतीची अस्वच्छता ही कारणे त्यावेळी देण्यात आली. त्यानंतर दोन महिन्यांतच शेजारच्या कर्नाटक सरकारने गोबी मंच्युरियन व ‘बुढ्ढी के बाल’ यांतील कृत्रिम रंगांवर बंदी जाहीर केली. तेथे तपासलेल्या गोबीच्या नमुन्यांपैकी निम्म्याहून अधिक नमुने सदोष निघाले होते. बेळगाव-कारवारकडील आमच्या वाचकांस हे प्रकरण आठवत असेलच.

या कारवाईविषयी आमची तक्रार नाही. कापडाला द्यावयाचा रंग माणसाच्या पोटात जाऊ नये, हे सांगण्यास पंडित लागत नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. या साऱ्या गदारोळात शासनाचे आणि लोकांचेही लक्ष डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीवर खिळून राहिले. लाल रंग दिसतो, तो बोटाला लागतो, त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात छापता येते. ज्या संकटाची आज खरी धास्ती घ्यावयास हवी ते मात्र दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. ते संकट म्हणजे प्रतिजैविक औषधांना दाद न देणारे जंतू. गाड्यावरच्या बशीतून हे जंतू आपल्या घरात येत आहेत, आणि त्यांच्या बंदोबस्तासाठी जे करावयास हवे त्यातले फारच थोडे आपण आजवर केले आहे.

यातला विरोधाभास असा की, जंतूंच्या दृष्टीने पाहिले तर उकळत्या तेलातून नुकतीच बाहेर पडलेली गोबी हा गाड्यावरचा त्यातल्या त्यात निर्धोक पदार्थ ठरावा! जंतू कितीही औषधरोधक असो, उष्णतेपुढे तो इतर जंतूंसारखाच मरतो. औषधाला न जुमानणाऱ्या जंतूला आगीपासून काही अभय मिळालेले नसते. तेव्हा कढईतून थेट बशीत पडलेली गरम भजी, तव्यावरचे आमलेट, उकळता रस यांचे भय कमी. भय आहे ते त्यानंतर त्यावर जे पडते त्याचे. कच्चा चिरलेला कांदा, न धुतलेली कोथिंबीर, सकाळी वाटून रात्रीपर्यंत पुरविलेली चटणी, पाणीपुरीचे पाणी, उसाच्या रसातला बर्फ. ज्या बशीत ते वाढले जाते ती बशी बालदीतल्या ज्या पाण्यात बुडवून काढली, त्या पाण्यात आधी किती बशा बुडाल्या होत्या याचा हिशेब कोणी ठेवत नाही. ज्या फडक्याने ती पुसली त्याच फडक्याने फळी पुसलेली असते, हात पुसलेले असतात आणि पैसे घेतानाचा घामही. मानवी आतड्यात वास्तव्य करणारा ई. कोलाय हा जंतू अनुकूल उष्णतेत सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो. या गतीने एका जंतूचे सात तासांत वीस लाख होतात. आपल्याकडच्या दमट हवेत उघड्या राहिलेल्या चटणीला याहून अनुकूल परिस्थिती ती कोणती लागते?

बर्फाचेच पाहा. मासळी टिकविण्यासाठी वापरला जाणारा बर्फ पिण्याच्या पाण्याचाच असतो असे नाही. तो चुकूनही सरबतात जाऊ नये म्हणून, खाण्यायोग्य नसलेल्या बर्फास निळा रंग द्यावा, असा नियम देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून लागू केला आहे. एका अर्थी हा सरकारने केलेला फार शहाणपणाचा नियम. ज्या संकटाला रंग नाही त्याला रंग देऊन ते सामान्य माणसाला ओळखता येईल असे केले. आता आमच्या वाचकांनी स्वतःशीच विचार करावा की मासळी बाजारात, जेटीवर किंवा बर्फाच्या गाडीवर त्यांनी निळा बर्फ किती वेळा पाहिला आहे. जो रंग नसावा त्याच्यामागे आपण धावलो आणि जो असावयास हवा त्याची विचारपूसही केली नाही.

गाड्यावरचे खाऊन पोट बिघडणे ही काही आजची गोष्ट नव्हे. जत्रेहून आल्यावर घरात दोनचार जणांचे पोट बिघडायचे, आजी ओवा आणि मीठ घातलेली पेज द्यायची आणि दोन दिवसांत सारे ठाकठीक व्हायचे. मग आजच एवढी चिंता कशाला, असे कोणी विचारील. चिंता अशासाठी की पोट बिघडविणाऱ्या जंतूंचा स्वभाव तोच असला तरी त्यांच्या अंगावरचे चिलखत नवे आहे. जंतूच्या पेशीत त्याच्या मुख्य जनुकद्रव्याखेरीज ‘प्लास्मिड’ नावाची लहानशी कडी असते. औषधाला निष्प्रभ करण्याची युक्ती पुष्कळदा या कडीत साठविलेली असते, आणि शेजारच्या जंतूला ती कडी सरळ हातोहात देता येते. देणारा आणि घेणारा एकाच जातीचे असले पाहिजेत असेही नाही. आपल्या आतड्यात निरुपद्रवीपणे राहणारा एखादा ई. कोलाय आपली विद्या विषमज्वराच्या जंतूला शिकवू शकतो.

हे तर्काचे इमले नव्हेत. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाकिस्तानातल्या सिंध प्रांतातील हैदराबाद शहरात विषमज्वराची एक साथ सुरू झाली. आमच्या जुन्या वाचकांस विषमज्वर म्हटला की क्लोरोमायसेटिन आठवेल. १९४८ च्या सुमारास हे औषध हाती आले आणि एकवीस दिवसांच्या त्या जीवघेण्या तापाची दहशत सरली. सिंधमधल्या रोग्यांवर मात्र ते चालेना. त्याच्या पाठचे अँपिसिलिन चालेना, सल्फाचे मिश्रण चालेना, सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या घराण्यातली औषधे चालेनात, आणि अखेरचा भरवसा म्हणून ज्याच्याकडे पाहिले जाई ते सेफ्ट्रिॲक्सोनचे इंजेक्शनही वाया जाऊ लागले. उरले ते पोटात घेण्याजोगे अझिथ्रोमायसिन आणि शिरेतून द्यावयाची कार्बापेनेम वर्गातली महागडी औषधे. शास्त्रज्ञांनी त्या जंतूची कुळकथा तपासली तेव्हा असे दिसले की, आधीच बऱ्याच औषधांना सरावलेल्या विषमज्वराच्या जंतूने एक प्लास्मिड बाहेरून मिळविले होते आणि ते ई. कोलायमध्ये आढळणाऱ्या प्लास्मिडशी मिळतेजुळते होते. सांडपाणी आणि पिण्याचे पाणी जेथे एकत्र येते तेथे ही देवघेव होण्यास वेळ लागत नाही. २०१८ सालच्या अखेरीपर्यंत या जातीच्या विषमज्वराचे पाच हजारांहून अधिक रोगी नोंदले गेले होते.

साथ आटोक्यात आणण्यासाठी सिंधने २०१९ साली मुलांना जी लस दिली ती कोठली होती? आपल्या दक्षिणेतल्या हैदराबादेत तयार झालेली. एका हैदराबादचा रोग दुसऱ्या हैदराबादच्या लसीने अडविला. राजकारणात वर्ज्य असलेला शेजारधर्म जंतूंनी असा पाळावयास लावला, असे गमतीने म्हणता येईल. हीच लस त्यापूर्वी, २०१८ साली, नवी मुंबई महानगरपालिकेने आपल्या हद्दीतल्या लाखाहून अधिक मुलांना दिली होती आणि एखाद्या सार्वजनिक संस्थेने ती अशी मोठ्या प्रमाणावर देण्याचा जगातला तो पहिलाच प्रयोग होता. महाराष्ट्रातली एक महानगरपालिका जे करू शकली त्याचा विचार आमच्या आरोग्य खात्याने गंभीरपणे करावा, असे आम्हांस वाटते.

परंतु विषमज्वर निदान समोर तरी येतो. ताप चढतो, रक्त तपासले जाते, रोगाला नाव मिळते. औषधरोधक जंतूंचा मोठा भाग असा आहे की जो पोटात शिरला तरी काहीच घडत नाही. ना ताप, ना जुलाब. तो आतड्यात इतरांबरोबर मुक्काम करतो आणि वाट पाहतो. सहा महिन्यांनी त्या माणसाला मूत्रमार्गाचा दाह होतो, किंवा घरात बाळंतपण असते, किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया, किंवा कर्करोगाचे उपचार चालू असतात आणि शरीराची प्रतिकारशक्ती खालावलेली असते. त्यावेळी हा पाहुणा बाहेर पडतो, आणि डॉक्टर एकामागून एक औषध बदलीत राहतात. त्या रोग्याला अथवा त्याच्या आप्तांना कधी कळत नाही की याची सुरुवात कोठल्यातरी चटणीत किंवा पाण्याच्या पेल्यात झाली होती. म्हणूनच या मृत्यूंचा दोष गाड्यावर येत नाही, नगरपालिकेवर येत नाही, कोणावरच येत नाही. मृत्यूच्या दाखल्यावर मूत्रपिंड निकामी झाल्याची किंवा रक्तदोषाची नोंद होते. जगभरचा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला तेव्हा २०१९ या एका वर्षात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधरोधक जंतूंमुळे झाल्याचे निष्पन्न झाले.

हा मूक पाहुणा किती सहज पोटात शिरतो याचा एक पुरावा हॉलंडमधून मिळाला आहे. तेथल्या संशोधकांनी सुमारे दोन हजार प्रवाशांची परदेशी जाण्यापूर्वी आणि परतल्यावर तपासणी केली. जाताना ज्यांच्या पोटात विशिष्ट औषधरोधक जंतू नव्हते, त्यांपैकी दक्षिण आशियात जाऊन आलेल्यांतले ७५ टक्के लोक ते जंतू घेऊन परतले. २०१७ साली प्रसिद्ध झालेला हा अहवाल आणखीही सांगतो की, परतल्यावर महिन्याभरात निम्म्या लोकांच्या शरीरातून हे जंतू नाहीसे झाले. पण दहांतल्या एकाच्या पोटात ते वर्षानंतरही टिकून होते आणि काहींच्या घरच्यांनाही लागले. या साऱ्यांनी गाड्यावरच खाल्ले असे मानण्यास काही कारण नाही. पर्यटक हॉटेलात जेवतात, बाटलीचे पाणी पितात, तरीही हे घडले. काही आठवड्यांच्या पाहुण्याची ही स्थिती, तर येथेच जन्मून येथेच तीन वेळा जेवणाऱ्या आम्हा लोकांची काय असेल, याचे अनुमान वाचकांनीच करावे.

अशा अहवालांनी रागावून जाण्याची आपल्याकडे एक वाईट खोड आहे. एका भयंकर औषधरोधक जनुकास २००९ साली पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी ‘न्यू डेल्ही’चे नाव दिले तेव्हा पुढच्याच वर्षी देशात मोठा गहजब झाला. ही आपल्या रुग्णालयांकडे येणाऱ्या परदेशी रोग्यांना घाबरविण्याची चाल आहे, असे म्हटले गेले. शहराचे नाव रोगाला चिकटविणे अशोभनीय होते, हे आम्हांसही मान्य. पण २०११ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत दिल्लीच्या नळांच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये आणि रस्त्यांवर साचलेल्या, झिरपलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये ते जनुक सापडले, या गोष्टीला नावाच्या वादाने उत्तर मिळत नव्हते. आता तर परकीयांचा दाखला देण्याचीही गरज उरलेली नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत, रुग्णालयांतून मिळालेल्या ई. कोलायपैकी इमिपेनेम या राखीव औषधाला दाद देणाऱ्यांचे प्रमाण २०१७ साली सुमारे ८१ टक्के होते. २०२३ साली ते सुमारे ६३ टक्क्यांवर आले. सहा वर्षांत एवढी घसरण! गोव्यासारखे पर्यटनावर जगणारे राज्य या विषयावर मौन पाळून आपली अब्रू राखू शकेल असा कोणाचा समज असेल तर तो भाबडा आहे.

येथवर वाचून गाडेवाल्यास शिव्या देण्यास कोणी सरसावला असेल तर त्याला आम्ही थांबवू इच्छितो. गाड्यावर हा जंतू बशीत पडतो, पण गाडेवाला त्याला जन्म देत नाही. तो जन्मतो इतरत्र.

तो जन्मतो सांडपाण्यात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील प्रदूषित नदीखंडांची जी यादी केली तिच्यात ३५१ खंड होते आणि त्यांत एवढ्याशा गोव्यातले ११. खारेबांधपासून मोबोरपर्यंतची आमची साळ नदी त्यात आहे. शहरांच्या संडासाचे पाणी, रुग्णालयांतून आणि घराघरांतून औषधे घेऊन वाहणारे सांडपाणी जेथे नदीत शिरते तेथे औषधांचे अंश आणि जंतू एकत्र नांदतात. जंतूंची याहून चांगली शाळा कोणती? त्याच पाण्यावर काठची भाजी वाढते आणि त्याच पाण्यात शिंपले निघतात.

तो जन्मतो कोंबड्यांच्या खुराड्यात. कोंबडी आजारी नसताना, केवळ ती लवकर वजनदार व्हावी म्हणून खाद्यात प्रतिजैविके मिसळण्याची पद्धत जगभर रूढ झाली होती. युरोपीय संघाने २००६ च्या आरंभापासून ती पूर्ण बंद केली. आपल्याकडे दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने २०१४ साली राजधानी परिसरातील कोंबडीचे ७० नमुने तपासले, त्यांतल्या ४० टक्क्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले. कोलिस्टिन हे तर डॉक्टरांच्या भात्यातले अगदी अखेरचे बाण. तेही कोंबड्यांना चारले जात होते आणि केंद्र सरकारने २०१९ च्या जुलैमध्ये त्यावर बंदी घातली. बंदी झाली हे ठीक, पण ती पाळली जाते की नाही हे तपासणारी यंत्रणा गोव्याच्या सीमेवर आहे काय? आमच्याकडे येणारी बहुतेक कोंबडी घाटावरून येते. या बाबतीत कोळंबीची कथा बोलकी आहे. निर्यात होणाऱ्या कोळंबीत प्रतिजैविकाचा अंश राहिला तर युरोपात अख्खी खेप परत फिरविली जाते, म्हणून आपल्या देशात त्यासाठी प्रयोगशाळा आहेत, निरीक्षक आहेत, दाखले आहेत. परदेशी माणसाच्या ताटात जाणाऱ्या कोळंबीची एवढी काळजी घेणारा देश आपल्या माणसाच्या ताटातल्या कोंबडीविषयी इतका निश्चिंत कसा, हा प्रश्न कोणा मंत्र्याला विधानसभेत विचारला गेलेला आमच्या स्मरणात नाही.

आणि तो जन्मतो फार्मसीच्या फळीवर. याचा दोष मात्र आपणा सर्वांकडे येतो. पोट बिघडले की डॉक्टरकडे न जाता फार्मसीत जाऊन ‘जुलाबाची गोळी द्या’ म्हणावयाचे, आणि त्याने ऑफ्लॉक्सॅसिन व ऑर्निडाझोल यांची जोडगोळी हातावर ठेवावयाची, ही आता रीतच पडली आहे. दोन गोळ्यांत बरे वाटले की उरलेल्या कपाटात. पुढच्या वेळी त्या शेजारणीच्या मुलाला. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या भाषणात हेच चित्र रंगविले होते. घसा दुखतो म्हणून एक गृहस्थ आपल्या मनाने थोडेसे पेनिसिलिन घेतो. जंतू मरत नाहीत, शहाणे होतात. ते त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिनचा उपयोग होत नाही आणि ती मरते. तिच्या मृत्यूस जबाबदार कोण, असे त्यांनी सभेस विचारले होते. औषध बाजारात येऊन पुरती पाच वर्षेही झाली नव्हती तेव्हाची ही गोष्ट आहे.

आपल्या पोटाच्या बहुतेक तक्रारींना अशा गोळीची गरजच नसते, हे सांगणारा मोठा धडा तर आपल्याच देशात घालून दिला गेला. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धकाळात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीचे थैमान चालले असता, शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले म्हणून डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी रोग्यांना नातलगांकरवी पाजण्याची व्यवस्था केली. तीस टक्क्यांच्या घरातला मृत्यूदर चार टक्क्यांच्याही खाली आला. या माणसाला पद्मविभूषण मिळाले ते २०२३ साली, मरणोत्तर! त्यांच्या त्या पाण्यात आणि आमच्या आजीच्या मीठ घातलेल्या पेजेत तत्त्वाचा फार मोठा फरक नाही. रक्त पडत असेल, ताप मोठा असेल, मूल लहान किंवा माणूस वृद्ध असेल, तर डॉक्टरकडे तत्काळ गेलेच पाहिजे. इतर वेळी मीठ-साखरेच्या पाण्याचे पाकीट हेच औषध.

आता गाडेवाल्याविषयी. तो परप्रांतीय आहे, घाणेरडा आहे, त्याला हाकला, अशी भाषा अलीकडे आमच्याकडे फार ऐकू येते. गोबीच्या वादातही ती अधूनमधून डोकावली. ती आम्हांस मान्य नाही. शाळेजवळ भजी-पाव विकणारी आमचीच विधवा बाई आणि बसस्थानकावर पाणीपुरी विकणारा उत्तरेकडचा मुलगा हे दोघेही एकाच बालदीचे कैदी आहेत, कारण नळ त्यांच्यापैकी कोणाजवळच नाही. २०१४ सालच्या पथविक्रेता कायद्याने नगर विक्रेता समित्या स्थापून फेरीवाल्यांची नोंद करणे, त्यांना जागा आखून देणे हे पालिकांचे कर्तव्य ठरविले आहे. जागा द्यावयाची म्हणजे चौकोन आखून दरमहा सोपो वसूल करावयाचा, एवढाच त्याचा अर्थ आमच्या पालिकांनी घेतलेला दिसतो. वाहते पाणी, हात धुण्यास साबण, सांडपाण्यास गटार आणि जवळपास वापरण्याजोगे शौचालय या चार गोष्टी न देता स्वच्छतेचे फर्मान काढणे म्हणजे हात बांधून पोहावयास सांगणे. अहमदाबादेतल्या कांकरिया तलावाकाठच्या गाड्यांना २०१८ साली देशातले पहिले ‘स्वच्छ खाद्यपथ केंद्र’ म्हणून मान्यता मिळाली. तेथले विक्रेते काही वेगळ्या मातीचे नाहीत; त्यांना शिकविले गेले, सोयी दिल्या गेल्या आणि मग तपासणी झाली. हा क्रम महत्त्वाचा आहे.

वास्कोचा सप्ताह मुळात कशातून सुरू झाला, हे येथे सांगावेसे वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वास्कोत साथीने हाहाकार माजविला असता तेथील लोक जांबावलीच्या श्री दामोदराच्या पायाशी गेले आणि तेथून श्रीफळ आणून अखंड भजन मांडले, असे परंपरा सांगते. साथीच्या भयातून जन्मलेल्या या उत्सवाला आज लाखो पावले लागतात. देवाची सेवा वास्कोकरांनी अखंड चालविली आहे. त्या फेरीत येणाऱ्या माणसाला हात धुण्यास पाणी मिळावे, ही व्यवस्था मात्र नगरपालिकेने करावयाची आहे आणि फेरीच्या जागांच्या लिलावातून तिला त्यासाठी पैसाही मिळतो. दर दहा गाड्यांमागे एक नळ आणि खाण्याच्या बर्फाची एक अधिकृत गाडी, एवढी अट लिलावाच्या कागदात घालावयास कोणता नवा कायदा लागतो?

तपासणीचेही स्वरूप बदलावयास हवे. २०१८ साली मासळीतल्या फॉर्मेलिनच्या प्रकरणात आपण पाहिले की, एका तपासणीने गोवा हादरला, बाहेरच्या मासळीवर बंदी आली, आरोप-प्रत्यारोप झाले आणि लोकांचा विश्वास मात्र ना मासळीवर राहिला ना प्रशासनावर. कारण नियमाने, वर्षभर, जाहीरपणे तपासावयाची सवयच नव्हती. जंतूंच्या बाबतीत तर रंगाची पट्टी बुडवून मिनिटभरात निकाल मिळत नाही. चटणी, पाणी, बर्फ यांचे नमुने घेऊन जंतू वाढवावे लागतात, कोणत्या औषधाला ते दाद देतात हे पाहावे लागते, त्यात दोनतीन दिवस जातात. बांबोळीला १८४२ पासूनची परंपरा सांगणारे वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील सूक्ष्मजंतुशास्त्र विभागास आणि अन्न प्रशासनाच्या प्रयोगशाळेस एकत्र बसवून हे काम करता येईल. गोव्यातल्या रोग्यांमध्ये कोणते औषध किती टक्के चालते, याचा तक्ता दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध झाला तर म्हापशाच्या किंवा काणकोणच्या डॉक्टरालाही औषध निवडताना अंधारात चाचपडावे लागणार नाही.

केरळने याबाबतीत काही पावले टाकली आहेत. औषधरोधकतेविरुद्ध स्वतःचा राज्य कृती आराखडा त्याने २०१८ सालीच केला आणि जानेवारी २०२४ पासून चिठ्ठीवाचून प्रतिजैविके विकणाऱ्या दुकानांवर अचानक छापे घालण्याची मोहीम सुरू केली. नागरिकांनी तक्रार करावी, असे आवाहनही केले. गोव्याच्या कित्येक पट मोठे, समुद्रकाठचे, आमच्यासारखेच पर्यटकांचे राज्य जे करू धजले ते दोन जिल्ह्यांच्या जुन्या सवयीच्या आमच्या राज्यात अवघड का असावे? यासाठी लागणारा नियम जुनाच आहे. मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ मधील औषधे विकताना डॉक्टराचे नाव, रोग्याचे नाव आणि दिलेली मात्रा यांची स्वतंत्र वहीत नोंद करणे व ती वही तीन वर्षे जपून ठेवणे दुकानदारावर बंधनकारक आहे. कोलाहल न करता, परवाना रद्द करण्याची धमकी न देता, केवळ ती वही नियमितपणे उघडून पाहिली गेली तरी पुष्कळ काम होईल. आमच्याकडे अन्न आणि औषध ही दोन्ही कामे एकाच संचालनालयाकडे आहेत. जत्रेत गोबीची कढई तपासून परतणाऱ्या निरीक्षकाने वाटेत लागणाऱ्या पहिल्या फार्मसीत थांबावे आणि ती वही मागावी.